मुक्या जिवाची अखेर : जीवदया आणि दयामरण यांचा इतिहास

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गेल्या पन्नास वर्षांतील विधाने, चातुर्मास, जीर्णोद्धार आणि दानशूरांच्या देणग्या यांचे स्मरण होणे स्वाभाविकच आहे. परंतु बहुतेक जैन संस्थांच्या वहीत आणखी एक खाते असते. त्या खात्याचे नाव ‘जीवदया’. चारा, पाणी, दाणे, पांजरपोळाची वर्गणी, जखमी जनावराचे औषधपाणी असा खर्च त्यात पडतो. रक्कम लहान असो वा मोठी, हे खाते कधी बंद होत नाही. मात्र या खात्याशी निगडित असलेला एक अवघड प्रश्न समाजात क्वचितच उघडपणे चर्चिला जातो. औषधाने बरे न होणारे आणि क्षणोक्षणी वेदनेने तळमळणारे जनावर दारात पडलेले असेल, तर दया म्हणून काय करावे?

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर वसलेल्या जळकोटसारख्या गावी हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. वाहनाच्या धडकेने कंबर मोडलेले कुत्रे, पाय निकामी झालेले वासरू अशी दृश्ये महामार्गावरील गावांना नवी नाहीत. शिवाय घरोघरी कुत्री-मांजरे कुटुंबातील सदस्याप्रमाणे वाढविण्याची पद्धत आता लहान गावांतही रुजली आहे. असे जनावर असाध्य आजाराने अंथरुणास खिळते, तेव्हा पशुवैद्यक ‘दयामरण’ हा शब्द हलक्या आवाजात उच्चारतो आणि जैन घरात शांतता पसरते. या शांततेमागे सुमारे हजार वर्षांचा विचार आणि दोनशे वर्षांचा सामाजिक इतिहास उभा आहे. त्याचा हा संक्षिप्त आलेख.

शास्त्राने दिलेले उत्तर

हा प्रश्न आधुनिक औषधांबरोबर जन्मास आला, असा अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेले दिगंबर आचार्य अमृतचंद्र यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या श्रावकाचारविषयक ग्रंथात हिंसेच्या समर्थनार्थ पुढे केल्या जाणाऱ्या अनेक युक्तिवादांचा परामर्श घेतला आहे. धर्मासाठी मारावे, अतिथीसाठी मारावे, हिंस्र प्राण्याला मारल्यास अनेक जीव वाचतील, अशा समजुतींबरोबरच अत्यंत दुःखात असलेल्या जिवाला मारले तर त्याची दुःखातून लवकर सुटका होईल, ही समजूतही त्यांनी स्पष्टपणे नोंदविली आणि नाकारली. म्हणजे दयामरणाचा विचार हजार वर्षांपूर्वीच्या समाजात होता, त्यावर वाद होत असे आणि जैन आचार्यांनी त्याला नकार दिला होता.

या नकारामागे कर्मसिद्धांताची बैठक आहे. देह संपला म्हणजे दुःख संपले, असे जैन दर्शन मानत नाही. जीव आपल्या कर्माचे फळ बरोबर घेऊनच पुढील गतीस जातो. त्यामुळे बाहेरून कोणी देहाचा अंत केला, तरी त्या जिवाला दुःखमुक्त केल्याचा दावा करता येत नाही. दुसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. उमास्वामींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेची व्याख्या करताना केवळ प्राणवियोगाला महत्त्व दिलेले नाही. प्रमादाच्या योगाने, म्हणजे कषाययुक्त किंवा असावध मनाने घडलेला प्राणवियोग ही हिंसा होय, असे तेथे सांगितले आहे. तडफडणाऱ्या जनावराकडे पाहवत नाही म्हणून त्याचा अंत करणाऱ्याच्या मनात करुणा किती आणि स्वतःची सुटका करून घेण्याची इच्छा किती, हे प्रत्येकाने अंतःकरणाला विचारावयाचे असते.

तथापि त्याच ‘तत्त्वार्थसूत्रा’त अहिंसाणुव्रताचे पाच अतिचारही दिले आहेत. बांधून ठेवणे, मारहाण करणे, अवयव छेदणे, शक्तीपलीकडे ओझे लादणे आणि अन्नपाणी रोखणे हे ते पाच होत. त्यांतील प्रत्येक अतिचाराचा संबंध मालक व त्याच्या जनावराशी सहज जोडता येतो. जनावराला न मारणे एवढ्यावरच श्रावकाचे कर्तव्य संपत नाही, त्याच्या देहाला होणाऱ्या क्लेशाचीही जबाबदारी त्याच्यावर येते, हे यावरून दिसते. दयामरणाच्या वादात शास्त्राचा पहिला भाग वारंवार सांगितला जातो. हा दुसरा भाग मात्र अनेकदा विस्मरणात जातो.

पांजरपोळाची परंपरा

जनावराला मारावयाचे नाही, तर त्याला ठेवावयाचे कोठे? या प्रश्नाला पश्चिम भारतातील व्यापारी समाजाने पांजरपोळाच्या रूपाने उत्तर दिले. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले इ. स. १६२३ मध्ये खंबायतेस आला असता त्याने तेथील पक्ष्यांचे रुग्णालय पाहिले. आई नसलेल्या उंदराच्या पिल्लांना पिसाच्या टोकाने दूध पाजले जात असल्याचे त्याने आश्चर्याने लिहून ठेवले आहे. युरोपात जनावरांसाठी रुग्णालय ही कल्पनाही त्या काळी रूढ नव्हती.

मुंबईतील इतिहास अधिक उद्बोधक आहे. कंपनी सरकारच्या अमलात शहरातील भटकी कुत्री ठार मारण्याची मोहीम चाले. जून १८३२ मध्ये या मोहिमेविरुद्ध मुंबईत मोठा दंगा झाला. पारशी समाज त्यात अग्रभागी होता. हिंदू व जैन व्यापारीही बंदमध्ये सामील झाले आणि बाजारपेठ ठप्प झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, मुंबईच्या पांजरपोळाची स्थापना झाली. पुढे ‘सर’ हा किताब मिळविणारे जमशेटजी जीजीभाई आणि जैन समाजातील शेठ मोतीशा यांच्यासारख्या धनिकांचा त्यामागे पुढाकार होता. पांजरपोळाच्या निर्वाहासाठी व्यापाऱ्यांनी स्वेच्छेने आपल्या मालावर ‘लागा’ बसवून घेतला. सरकारी सक्ती नसताना बाजाराने स्वतःवर लादलेला हा कर होता. व्यापाराच्या नफ्यातील वाटा मुक्या जिवाचा, ही भावना त्यामागे होती.

पांजरपोळांवर टीकाही झाली आणि ती प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील अनेक युरोपीय निरीक्षकांनी लिहिले, की या ठिकाणी जनावर मारले जात नाही हे खरे, परंतु जखमा चिघळलेल्या, उठता न येणाऱ्या जनावरांना केवळ मृत्यूची वाट पाहत ठेवले जाते. परकीयांची टीका पूर्वग्रहदूषित म्हणून बाजूला सारता आली असती. पण पुढे महात्मा गांधींनीही पांजरपोळांच्या अव्यवस्थेवर कठोर शब्दांत बोट ठेवले. जनावराला आत आणून सोडले की पुण्य पदरात पडले, असे मानणाऱ्या दात्यांना ते जागे करीत होते.

परळचे रुग्णालय आणि नवे शास्त्र

इ. स. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालण्यासाठी संस्था स्थापन झाली. त्यानंतरच्या दशकात पारशी उद्योगपती दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दातृत्वातून परळ येथे बाई साकरबाई यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. १८८६ मध्ये तेथेच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची सुरुवात झाली. पांजरपोळ आणि रुग्णालय यांतील भेद येथे स्पष्ट होतो. पांजरपोळ आश्रय देत होते, तर रुग्णालय निदान व उपचार करू लागले. निदान करणाऱ्यालाच कधी तरी ‘आता उपाय नाही’ हेही सांगावे लागते.

त्या काळच्या पशुवैद्यकावर लष्करी घोड्यांच्या चिकित्सेचा प्रभाव होता. पाय मोडलेला किंवा ‘ग्लँडर्स’ या संसर्गजन्य रोगाने ग्रासलेला घोडा गोळी घालून संपविणे ही रूढ पद्धत होती आणि १८९९ मध्ये त्या रोगासाठी स्वतंत्र कायदाही झाला होता. त्यात उपयोगिता प्रधान होती. ‘वेदनारहित मृत्यू’ ही वैद्यकीय कल्पना पुढे विसाव्या शतकात गुंगीच्या औषधांबरोबर विकसित झाली. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेने दयामरणाच्या पद्धतींविषयी तज्ज्ञ समितीचा पहिला अहवाल १९६३ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यानंतर त्यात वेळोवेळी सुधारणा होत गेल्या.

मराठवाड्यापुरते बोलावयाचे तर हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पशुवैद्यकाचे उच्च शिक्षण येथे उशिरा आले. परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ मध्ये व उदगीरचे १९८७ मध्ये सुरू झाले. आज ही दोन्ही महाविद्यालये नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत आहेत. गावोगावच्या गुरांच्या दवाखान्यांत पशुधन विकास अधिकारी, पशुधन पर्यवेक्षक, व्रणोपचारक आणि परिचर अशी कर्मचाऱ्यांची साखळी असते. मरणासन्न जनावराच्या दारात प्रत्यक्ष उभे राहण्याची वेळ याच मंडळींवर येते.

साबरमतीचे वासरू

या विषयावरील सर्वांत गाजलेला वाद १९२८ मध्ये अहमदाबादेस झाला. साबरमती आश्रमातील एक वासरू गंभीर दुखापतीने पडले होते. उपचार झाले, शुश्रूषा झाली, परंतु डॉक्टरांनी आशा सोडली. कूस बदलतानाही त्या वासराला असह्य वेदना होत. गांधीजींनी आश्रमातील सहकाऱ्यांशी विचारविनिमय केला. जो जीव निर्माण करता येत नाही तो घेण्याचा अधिकार नाही, असा विरोधही त्यांनी ऐकून घेतला. अखेर त्यांनी आपल्या उपस्थितीत डॉक्टरांकडून वासराला विषारी इंजेक्शन देवविले. दोन मिनिटांच्या आत सारे संपले.

हे कृत्य झाकून ठेवणे गांधीजींना सहज शक्य होते. त्यांनी मात्र ‘नवजीवन’ व ‘यंग इंडिया’ या पत्रांतून स्वतः ते जाहीर केले. अपेक्षेप्रमाणे टीकेचा वर्षाव झाला. त्यांना आलेल्या संतप्त पत्रांत जैन वाचकांची पत्रे लक्षणीय होती. याआधी १९२६ मध्ये अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने गिरणीच्या आवारातील साठ भटकी कुत्री मारविली, तेव्हाही गांधीजींनी घेतलेल्या भूमिकेवरून असाच वाद पेटला होता. श्रीमद् राजचंद्रांना आध्यात्मिक मार्गदर्शक मानणारा पुरुष असे करतो, याचे समाजाला विशेष दुःख झाले असावे.

गांधीजींनी टीकाकारांना उत्तरे देताना आपल्या मताला चार अटींचे कुंपण घातले. आजार असाध्य असावा. संबंधित सर्वांनी जगण्याची आशा सोडलेली असावी. कोणतीही सेवा वा मदत निरुपयोगी ठरलेली असावी. आणि त्या जिवाला आपली इच्छा व्यक्त करणे अशक्य असावे. यांतील एकही अट अपुरी असेल, तर प्राण घेणे अहिंसेच्या दृष्टीने समर्थनीय ठरणार नाही, असे त्यांनी म्हटले. स्वार्थासाठी मारणे आणि वासराला मरण देणे यांत त्यांनी स्पष्ट भेद केला. त्याच लेखात आश्रमाच्या शेतीची नासधूस करणाऱ्या माकडांचा प्रश्न त्यांनी मांडला आणि माकडांना मारणे ही मात्र हिंसाच होईल, असे मान्य केले.

जैन परंपरेने गांधीजींचे उत्तर स्वीकारले नाही. पण या वादाचा एक लाभ झाला. वासराच्या वेदनेविषयी तुम्ही काय केले असते, हा प्रश्न टीकाकारांसमोर उभा राहिला. केवळ ‘मारू नये’ एवढे सांगून तो सुटत नव्हता.

कायद्याची वाटचाल

स्वातंत्र्यानंतर श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राणिरक्षणाचे विधेयक मांडले. त्या प्रयत्नांची परिणती म्हणून प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा झाला. १९६२ मध्ये भारतीय जीवजंतु कल्याण मंडळ स्थापन होऊन त्याची धुरा त्यांच्याकडेच आली. या कायद्याचे तेरावे कलम येथे महत्त्वाचे आहे. जनावराला जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरेल अशी त्याची अवस्था असेल, तर त्याचा अंत करण्याची तरतूद या कलमात आहे. मालक गैरहजर असेल किंवा संमती देत नसेल, तर पोलीस अधिकाऱ्याने त्या क्षेत्रातील पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलवावे, त्याने प्राणघातक दुखापतीचे प्रमाणपत्र द्यावे आणि दंडाधिकाऱ्याचा आदेश घ्यावा, अशी पायरीपायरीची पद्धत त्यात घालून दिली आहे. कोणाही व्यक्तीने मनास येईल तसे करू नये, हा त्यामागील हेतू.

२००१ साली भटक्या कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम आले. असाध्य आजारी किंवा प्राणांतिक जखमी कुत्र्याचे निदान पात्र पशुवैद्यकाने करावे, त्यानेच औषधाद्वारे दयामरण द्यावे, दुसऱ्या कुत्र्यासमोर ते देऊ नये आणि विल्हेवाटीपूर्वी मृत्यूची खात्री करावी, असे या नियमांनी बजावले. रेबीज झालेल्या कुत्र्याला तर वेगळे ठेवून नैसर्गिक मृत्यू येऊ द्यावा, असे त्या नियमांत होते. २०२३ मध्ये या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली.

माणसाच्या बाबतीत कायद्याने वेगळी रेषा आखली आहे. मुंबईच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात ७ मार्च २०११ रोजी आणि पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विशिष्ट मर्यादेत उपचार थांबविण्यास मान्यता दिली. इंजेक्शनने प्राण घेण्यास मात्र परवानगी दिली नाही. म्हणजे जी कृती माणसाबाबत गुन्हा ठरते, तीच जनावराबाबत दया म्हणून मान्य होते. जैन दृष्टीला हा भेद खटकतो, कारण तिच्या लेखी जीव सर्वत्र सारखाच आहे.

दवाखान्यात नेमके काय घडते

या विषयावर मत बनविणाऱ्या प्रत्येकाला प्रत्यक्ष प्रक्रियेची माहिती असावी. चांगल्या दवाखान्यात दयामरण हा घाईचा विषय नसतो. पशुवैद्यक प्रथम जनावर खाते-पिते का, उभे राहते का, स्वच्छ राहू शकते का, वेदना औषधाने आटोक्यात येते का आणि वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा अधिक झाले आहेत का, याचा विचार करतो. निरोगी जनावर केवळ सांभाळण्याचा कंटाळा आला म्हणून संपवावे, अशी मागणी करणारे मालकही येतात. विवेकी डॉक्टर अशी मागणी नाकारतात.

निर्णय झाल्यास मालकाची लेखी संमती घेतली जाते. पैशांचा व्यवहार शक्यतो आधीच उरकतात, कारण नंतर रडणाऱ्या माणसापुढे बिल ठेवणे कोणालाच बरे वाटत नाही. कुटुंबीयांना जवळ थांबावयाचे आहे का, हे विचारतात. मग जनावराला शांत करणारे औषध दिले जाते. ते गुंगीत गेल्यावर साधारणतः पुढच्या पायाच्या शिरेत सुई बसवितात आणि पेंटोबार्बिटालसारख्या गुंगीच्या औषधाची मोठी मात्रा देतात. शुद्ध आधी हरपते. त्यानंतर श्वास आणि मागाहून हृदय थांबते. काही ठिकाणी हे औषध सहज मिळत नाही. तेव्हा आधी पूर्ण भूल देऊन मगच दुसरे औषध वापरावे लागते. भूल न देता हृदय थांबविणारे क्षार टोचणे शास्त्रसंमत दयामरणात बसत नाही.

जनावराचे डोळे उघडेच राहतात, स्नायू क्षणभर फडफडू शकतात, एखादा खोल श्वास निघाल्यासारखा वाटतो. यांचा अर्थ ते जिवंत आहे असा नसतो. अनुभवी कर्मचारी हे कुटुंबाला आधीच समजावून सांगतात. शेवटी डॉक्टर स्टेथोस्कोपने हृदयाचा ठोका तपासतो, डोळ्याच्या पृष्ठभागाला हलका स्पर्श करून प्रतिक्रिया पाहतो आणि खात्री पटल्यावरच मृत्यू जाहीर करतो. परिचर देह पुसतो, गळ्यातील पट्टा सोडवून मालकाच्या हाती देतो.

देहाच्या विल्हेवाटीतही जीवदयेचा प्रश्न आहे. पेंटोबार्बिटाल मृतदेहात टिकून राहते. असा देह उघड्यावर टाकल्यास तो खाणारी कुत्री व गिधाडे मरू शकतात. म्हणून खोल पुरणे किंवा दहन आवश्यक ठरते. वेदनाशामक औषधांचीही अशीच एक कहाणी आहे. जनावरांच्या वेदनेवर सर्रास वापरले जाणारे डायक्लोफेनॅक हे गिधाडांच्या सामूहिक मृत्यूचे कारण असल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून निष्पन्न झाले आणि २००६ मध्ये केंद्र सरकारने जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आणली. मेलॉक्सिकॅमसारखा सुरक्षित पर्याय तेव्हापासून पुढे आला. अविचाराने केलेली दयाही दुसऱ्या जिवाच्या नाशास कारण होते, हे या उदाहरणातून शिकावे.

इंजेक्शन देणाऱ्या हातांचे ओझे

समाजात एक समजूत दिसते, की पशुवैद्यकीय कर्मचाऱ्यांना याची सवय झालेली असते. ब्रिटन, अमेरिका येथील अभ्यासांत पशुवैद्यकांमध्ये आत्महत्येचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा अधिक आढळले आहे. त्याची कारणे अनेक आहेत. तरी जीव वाचविण्यासाठी शिकलेल्या हातांनी वारंवार जीव घ्यावा लागणे हेही त्यांपैकी एक असू शकते, असे अभ्यासक मानतात.

महाराष्ट्राने याहून कठीण प्रसंगही पाहिला. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव झाला आणि पशुसंवर्धन विभागाच्या पथकांना लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. ते दयामरण नव्हते. साथ रोखण्यासाठी केलेला तो संहार होता. परंतु आदेश पाळणारे हात त्याच खात्याचे होते, जे इतर दिवशी लस टोचतात व जखमा बांधतात.

जैन कुटुंबांनी येथे थोडे आत्मपरीक्षण करावे. ‘आम्हाला काही सांगू नका, तुमच्या पद्धतीने करा’, असे म्हणून मालक दवाखान्याबाहेर निघून जातो, तेव्हा निर्णयाचा भार डॉक्टर व परिचर यांच्या माथी येतो. शास्त्रानुसार हिंसा कृत, कारित आणि अनुमोदित अशी तीन प्रकारची मानलेली आहे. पाठ फिरविल्याने कारित व अनुमोदन टळत नाही. निर्णय कोणताही असो, तो उघड्या डोळ्यांनी घ्यावा आणि शेवटच्या क्षणी जवळ बसावे. मुक्या जिवाला परक्या खोलीत ओळखीचा हात हवा असतो.

कुंथलगिरी आणि जीवंधरकुमार

धाराशिव जिल्ह्यातील जैन समाजाला मृत्यूचा विचार करताना कुंथलगिरी सिद्धक्षेत्राचे स्मरण झाल्याशिवाय राहत नाही. कुलभूषण व देशभूषण मुनींच्या निर्वाणाने पावन झालेल्या या क्षेत्री चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये यमसल्लेखना धारण केली आणि १८ सप्टेंबर १९५५ रोजी शांत चित्ताने देह ठेवला. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला आत्महत्येच्या पंक्तीत बसविले. तेव्हा देशभरातील जैन समाज रस्त्यावर उतरला आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली.

सल्लेखना आणि दयामरण यांची गल्लत होऊ नये. सल्लेखनेत साधक स्वतः, जाणतेपणी, गुरूंच्या अनुज्ञेने कषाय व काया कृश करीत जातो. दयामरणात दुसरा कोणी निर्णय घेतो आणि औषध क्षणात काम करते. जनावर संमती देऊ शकत नाही, हीच या प्रश्नाची खरी गाठ आहे.

पुराणकथांत मात्र पशूंनाही आत्मकल्याणाचा अधिकार नाकारलेला नाही. भगवान महावीरांच्या पूर्वभवातील सिंहाने मुनींच्या उपदेशाने व्रत घेऊन समाधिमरण साधले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्याहूनही या विषयाशी जवळची कथा जीवंधरकुमारांची. मारहाणीने मरणोन्मुख झालेले एक कुत्रे त्यांना दिसले. ते वाचण्याची आशा नाही हे पाहून राजपुत्र त्याच्याजवळ बसले आणि त्यांनी त्याच्या कानात पंचनमस्कार मंत्र सांगितला. ते कुत्रे मरून यक्ष झाले आणि पुढे जीवंधरांचे साहाय्यकर्ते ठरले.

जीवंधरांनी त्या कुत्र्याला मारले नाही आणि रस्त्यात एकटे टाकून ते पुढेही गेले नाहीत. त्यांनी आपला वेळ दिला. जैन परंपरेने दाखविलेला मार्ग हाच आहे आणि तो दयामरणाहून अधिक कष्टाचा आहे. इंजेक्शनला काही मिनिटे लागतात. मरणोन्मुख जनावराची सेवा करावयाची तर कित्येक रात्री जागाव्या लागतात.

पुढील पन्नास वर्षांसाठी

हा मार्ग आज पूर्वीपेक्षा अधिक प्रशस्त झाला आहे. आचार्य अमृतचंद्रांच्या काळी किंवा १८३४ च्या पांजरपोळात नसलेली साधने आता उपलब्ध आहेत. वेदनाशामक औषधे, सलाईन, अंथरुणावरील जखमा होऊ नयेत यासाठी मऊ गादी व दर काही तासांनी कूस बदलणे, जखमेत अळ्या पडू नयेत म्हणून रोजची मलमपट्टी, मागील पाय निकामी झालेल्या कुत्र्यासाठी चाकांची गाडी, या सर्वांनी अनेक जनावरांचे शेवटचे दिवस सुसह्य होतात. दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्षी रुग्णालय गेली अनेक दशके जखमी पक्ष्यांची सेवा अशाच निष्ठेने करीत आहे.

जीवदया खात्याने यापुढे चाऱ्याइतकेच स्थान औषधाला द्यावे. परिसरातील पशुवैद्यकाशी आधीच बोलून ठेवावे, म्हणजे महामार्गावर जनावर जखमी झाल्याचा निरोप आल्यास पहिल्या तासातच वेदना थांबविणारे औषध पोहोचू शकेल. सेवेसाठी तरुणांची पाळी लावावी. पशुवैद्यक, पर्यवेक्षक व परिचर यांचा पर्युषणात किंवा महावीर जयंतीस सन्मान व्हावा, कारण समाजाच्या अहिंसेचा भार पुष्कळदा त्यांच्या खांद्यांवर असतो.

इतके करूनही काही जनावरांच्या वेदना औषधाला दाद देणार नाहीत. तेव्हा साबरमतीचे वासरू पुन्हा समोर उभे राहील. एखादे जैन कुटुंब शास्त्राज्ञा मानून अखेरपर्यंत सेवा करील, तर दुसरे जड अंतःकरणाने डॉक्टरांचा सल्ला मानील. पहिल्याने दुसऱ्याला पापी म्हणू नये आणि दुसऱ्याने पहिल्याला निष्ठुर म्हणू नये. सेवेत कसूर न करता जो अहिंसेला धरून राहतो, त्याची अहिंसा उजळून निघते. पण सेवा न करता, उन्हात तळमळणाऱ्या जिवाकडे पाहून ‘आम्ही मारीत नाही’ एवढेच जो म्हणतो, त्याच्या अहिंसेत प्रमादाचा डाग राहतो.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी ‘जीवदया’ हे खाते उघडले, त्यांनी त्या शब्दाला कोणतीही अट जोडलेली नव्हती. वहीतील ती ओळ पुढील पिढीकडे सोपविताना तिच्यात रकमेबरोबर जागरणाच्या रात्रींचीही भर पडावी, हीच सुवर्णमहोत्सवी वर्षातील मंगलकामना.